नव्या मोटारगाडीचा सौदा : बंगळुरूच्या शोरूममध्ये शिरण्यापूर्वी

मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारा मनुष्य मोटारगाडीच्या शोरूममध्ये पाऊल टाकताच मुका होतो. काचेची दारे, गार हवा, हाती आलेला कॉफीचा पेला आणि समोर छापील आकडा या साऱ्यांचा मनावर दाब येतो. जुडीवर किंमत लिहिलेली नसते म्हणून ती कमी करून मागावी आणि गाडीची किंमत छापलेली असते म्हणून ती निमूटपणे द्यावी, अशी एक समजूत त्यामागे असते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. बिस्किटाच्या पुड्यावर कमाल किरकोळ किंमत छापण्याचे बंधन कायद्याने घातलेले आहे. मोटारगाडी ही काही वेष्टनबंद वस्तू नव्हे. तिच्या काचेवर असा शिक्का नसतो. विक्रेता जो कागद पुढे सरकवतो त्यावर दहा-बारा ओळी असतात. त्यांपैकी तीन-चार ओळी कायद्याने ठरलेल्या असतात, उरलेल्या बोलण्याने ठरतात.

या संकोचाला इतिहासही आहे. मोटारगाड्यांचे वितरण व विक्री यांवर १९५९ च्या आदेशाने सरकारी नियंत्रण आले होते, आणि पुढे गाड्यांच्या किमतींचा वाद १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही गेला. त्या खटल्यातील प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची. डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत विमानांचा कारखाना उभारणारे उद्योगपतीही तेच. त्यांच्या कंपनीची गाडी असो की अन्य कोणाची, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे एवढेच त्या काळी ग्राहकाच्या हाती होते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली, तेव्हाही गाडी मिळणे हेच भाग्य मानले गेले. ज्या पिढीने गाडी मिळाल्याबद्दल विक्रेत्याचे आभार मानले, तिच्याकडून पुढच्या पिढीला भाव करण्याचे शिक्षण मिळणार तरी कोठून?

बंगळुरूत आता एकाच कंपनीच्या गाड्या विकणारे अनेक विक्रेते आहेत. होसूर रस्ता, म्हैसूर रस्ता, तुमकुरू रस्ता, व्हाइटफील्ड अशा प्रत्येक दिशेला त्यांची शोरूम आहेत. गाडी तीच, कारखाना तोच, एक्स-शोरूम किंमतही तीच. तरीही अंतिम रकमेत फरक पडू शकतो, कारण विक्रेता आपल्या वाट्याच्या नफ्यातून सवलत देऊ शकतो. ही सवलत किती खरी असते याचा दाखला भारतीय स्पर्धा आयोगाच्या कागदपत्रांत सापडतो. विक्रेत्यांनी ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक सूट देऊ नये अशी व्यवस्था राबविल्याबद्दल आयोगाने २३ ऑगस्ट २०२१ रोजी मारुती सुझुकी कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. महाराष्ट्रातील विक्रेत्यांविषयीच्या एका निनावी पत्रापासून या चौकशीला सुरुवात झाली होती. कोणता विक्रेता गुपचूप जास्त सूट देतो हे शोधण्यासाठी ग्राहकाचे सोंग घेतलेली माणसे शोरूममध्ये पाठविली जात, असे आयोगाच्या आदेशात नमूद आहे. कंपनीने अपील केले, आणि अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दंडाच्या दहा टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर आदेशास स्थगिती दिली. त्याआधी २०१७ मध्ये ह्युंदाई कंपनीला अशाच आरोपावरून ८७ कोटींचा दंड झाला होता. तो २०१८ मध्ये अपिलात रद्द झाला. कायद्याचा निवाडा काहीही होवो, ग्राहकाने एवढे ध्यानात घ्यावे की जी सूट दिलीच जात नसेल ती शोधण्यासाठी कोणी सोंगे पाठवीत नाही.

आणखी एक गोष्ट परदेशी अभ्यासातून कळते. इयन आयर्स व पीटर सीगलमन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेत शिकागो परिसरातील विक्रेत्यांकडे निरनिराळ्या लोकांना एकच संवाद पाठ करवून गाडीचा भाव विचारण्यास पाठविले. त्यांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. बोलणे शब्दशः सारखे असूनही गोऱ्या पुरुषांना सांगितलेले भाव स्त्रियांना व कृष्णवर्णीयांना सांगितलेल्या भावांपेक्षा कमी होते. विक्रेता गाडीची किंमत सांगण्यापूर्वी माणसाची किंमत करतो, हा त्याचा अर्थ. बंगळुरूत तर सॉफ्टवेअर कंपनीचे ओळखपत्र गळ्यात अडकवूनच लोक सायंकाळी शोरूममध्ये जातात. ते खिशात ठेवून गेल्यास काही बिघडत नाही.

कागदावरील ओळी

बोलणे सोपे व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. कोल्हापूरहून बदली होऊन बंगळुरूला आलेले एक अधिकारी दांपत्य ९ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी पाहण्यास गेले. विक्री प्रतिनिधीने पहिला प्रश्न केला : ‘‘सर, महिन्याला किती हप्ता झेपेल?’’ या प्रश्नाचे उत्तर पहिल्या भेटीत देऊ नये. हप्ता सांगितला की किंमत, व्याज, मुदत, विमा हे सारे एकाच पोत्यात बांधले जाते, आणि कोणती वस्तू किती महाग पडली हे पुन्हा कधी कळत नाही. त्यांनी त्याऐवजी ऑन-रोड किमतीची फोड लिहून मागितली. तोंडी सांगितलेला आकडा घरी पोहोचेपर्यंत बदलतो. लिहिलेला सहसा बदलत नाही. तोच कागद त्यांनी आणखी दोन विक्रेत्यांकडून आणला, आणि तिन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले.

सर्वांत मोठी ओळ राज्याच्या कराची. कर्नाटकातील आजीवन कर देशातील सर्वांत चढ्या करांपैकी एक आहे. २०२५ मधील दरांनुसार ५ लाखांपर्यंतच्या गाडीवर १३ टक्के, ५ ते १० लाखांवर १४, १० ते २० लाखांवर १७ आणि त्यापुढे १८ टक्के, आणि या करावर पुन्हा ११ टक्के उपकर. ९ लाखांच्या गाडीवर कर १,२६,००० रुपये व उपकर १३,८६० रुपये, म्हणजे एकूण १,३९,८६० रुपये. तीच पेट्रोल गाडी महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर घेतली तर ११ टक्क्यांनी ९९,००० रुपये पडतात. बंगळुरूच्या वेशीवर बिडदी येथे बनलेली गाडी पुण्यात स्वस्त आणि बंगळुरूत महाग पडावी, यातील विनोद बंगळुरूकरांना फारसा आवडत नाही. मात्र ‘पुण्यातच घेऊन इकडे आणू’ हा मार्ग वाटतो तितका किफायतशीर नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीस तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्या वेळी कर्नाटकाचा कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो आणि महाराष्ट्राकडील परताव्यासाठी कागदपत्रांच्या खेपा घालाव्या लागतात.

कराच्या टप्प्याकडे मात्र बारकाईने पाहावे. ९ लाख ९५ हजारांच्या गाडीवर कर व उपकर मिळून १,५४,६२३ रुपये होतात. १० लाख ५ हजारांच्या गाडीवर सुमारे १,८९,६४४. किमतीत फरक दहा हजारांचा, करात पस्तीस हजारांचा. वरच्या श्रेणीतील छपराची खिडकी किंवा मोठा पडदा दहा हजारांत मिळतो असे विक्रेता सांगतो, तेव्हा हे पस्तीस हजार तो सांगतोच असे नाही. १० लाखांवरील गाडीवर १ टक्का आयकरही जागीच गोळा केला जातो. ही पद्धत १ जून २०१६ पासूनची. ही रक्कम वाया जात नाही. विवरणपत्र भरताना ती करात वळती करून घेता येते, पण त्यासाठी विक्रेत्याला पॅन क्रमांक बिनचूक दिलेला हवा.

वस्तू व सेवा कर किमतीतच अंतर्भूत असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या व १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर हा कर १८ टक्के झाला. त्यापूर्वी तो २८ टक्के अधिक उपकर असा होता. त्यामुळे ‘माझ्या मेहुण्याने दोन वर्षांपूर्वी इतक्याला घेतली’ हा दाखला आता कामाचा राहिलेला नाही.

सरकारी ओळींवर घासाघीस होत नाही. नोंदणी शुल्क ६०० रुपये आणि कर्जाच्या नजरगहाणाची नोंद १,५०० रुपये, हे २०१६ च्या अखेरीस ठरलेले दर आहेत. त्यांच्या जागी ‘आरटीओ खर्च’ म्हणून एकच गोल आकडा लिहिलेला आढळला, तर पावतीनुसार फोड मागावी. उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना किमतीतच मिळावयाची आहे, तिचे वेगळे पैसे नाहीत.

आता त्या दांपत्याच्या कागदावरील एक ओळ : ‘हँडलिंग चार्जेस – ८,५००’. बाईंनी विचारले, ‘‘हे कशाचे?’’ ‘‘मॅडम, गाडी गोदामातून आणणे, धुणे, तपासणे... सगळेच घेतात.’’ ‘‘सगळे घेतात हे ठीक. पण कोणत्या नियमाने?’’ प्रतिनिधी व्यवस्थापकाकडे गेला, पाच मिनिटांनी परत आला, आणि ओळ खोडली गेली. एक्स-शोरूम किंमत म्हणजे शोरूमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीची किंमत. तेथपर्यंत आणण्याचा खर्च तिच्यातच धरलेला असतो. बंगळुरूत ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि’ हे वाक्य बसमध्ये जागा करून घेण्यापासून सर्वत्र चालते. शोरूममध्ये मात्र ते ग्राहकाने उच्चारावे, विक्रेत्याचे ऐकून घेऊ नये.

ॲक्सेसरीजच्या ओळीत चटया, आसनांची आवरणे, चिखलपट्ट्या असतात. बंगळुरूच्या जे. सी. रस्त्यावर याच वस्तू पुष्कळ स्वस्त मिळतात. फक्त विजेच्या तारा कापून बसवाव्या लागणाऱ्या वस्तू बाहेरून बसवू नयेत, हमी नाकारली जाण्याचा धोका असतो. ‘वीस हजारांच्या वस्तू फुकट’ यापेक्षा दहा हजार रुपये बीजकावर कमी झालेले बरे, कारण वीस हजार हे त्या वस्तूंचे मोल विक्रेत्यानेच ठरविलेले असते.

विम्याची ओळ

सर्वांत जास्त वाव येथे असतो आणि सर्वांत कमी लोक येथे बोलतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा हप्ता ठरलेला असतो. १ जून २०२२ रोजी लागू झालेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या गाडीस तीन वर्षांसाठी १०,६४० रुपये, अधिक कर. यात कोणीही सूट देऊ शकत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र २००७ पासून दरमुक्त आहे. त्यात कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करतात. विमा आपल्याकडूनच घ्यावा अशी सक्ती विक्रेता करू शकत नाही. बाहेरून दोन विमा कंपन्यांचे दर काढून नेले की शोरूममधील हप्ताही खाली येऊ लागतो.

तुलना करताना फक्त हप्ता पाहू नये. विम्याचे घोषित मूल्य नव्या गाडीला एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के असते, म्हणजे ९ लाखांच्या गाडीला ८ लाख ५५ हजार. ते खाली आणून हप्ता कमी दाखविण्याची युक्ती जुनीच आहे. गाडी चोरीस गेली की त्या युक्तीची किंमत कळते. आणि बंगळुरूत आणखी एक गोष्ट : सप्टेंबर २०२२ च्या पावसात बेळ्ळंदूर, यमलूर व बाह्यवर्तुळ मार्गालगतच्या वसाहतींत गाड्या पाण्यात बुडाल्या. पाणी शिरलेले इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नात बिघडले, तर साध्या विम्यात ते नुकसान सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. सखल भागात राहणाऱ्याने घासाघीस करताना हे कलम हातचे जाऊ देऊ नये.

जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्यांनी ‘नो क्लेम बोनस’ विसरू नये. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून पत्र घेतले की नव्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० ते ५० टक्के सूट मिळते. जुन्या गाडीचा सौदाही नव्या गाडीपासून अलग ठेवावा. एकीकडे दहा हजार वाढवून दुसरीकडे दहा हजार कापणे विक्रेत्याला सोपे जाते. आणि ती गाडी सोडताना २९ व ३० क्रमांकांचे नमुने पूर्ण होऊन नावबदल झाल्याखेरीज निश्चिंत राहू नये. नोंदणीपुस्तकावर ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा निर्णय आहे, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो.

कर्ज : जेथे सूट पुसली जाते

उदाहरणातील दांपत्याने तीन शोरूम फिरून, दोन शनिवार घालवून वीस हजारांची सूट मिळविली. कर्ज हवे होते ८ लाख. व्याज ९ टक्के धरले तर पाच वर्षांचा हप्ता सुमारे १६,६०७ रुपये येतो. प्रतिनिधीने सुचविले, ‘‘सात वर्षे करा, हप्ता १२,८७१ वर येतो.’’ ऐकायला गोड आहे. पण पाच वर्षांत बँकेला एकूण ९,९६,४०० रुपये जातात आणि सात वर्षांत १०,८१,२००. म्हणजे जवळपास पंच्याऐंशी हजार अधिक. दोन शनिवारांची कमाई एका वाक्यात चौपटीने गेली असती. सात वर्षांची मुदत वाईटच असे नव्हे. घरभाडे व मुलांच्या शाळेचा खर्च पाहता तीच झेपणारी असू शकते. फक्त तिची किंमत माहीत असावी.

दुसरा चकवा ‘फ्लॅट’ दराचा. ६ टक्के फ्लॅट दराने ८ लाखांवर पाच वर्षांचे व्याज २,४०,००० रुपये धरतात आणि हप्ता १७,३३३ रुपये येतो, तो ९ टक्क्यांच्या हप्त्यापेक्षाही जास्त. कारण येथे फिटलेल्या मुद्दलावरही अखेरपर्यंत व्याज चालू राहते. घटत्या शिल्लकीवर मोजले तर हा दर पावणेअकरा टक्क्यांच्या वर जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य पत्रक देणे बंधनकारक आहे, आणि त्यात प्रक्रिया शुल्क वगैरे धरून वार्षिक टक्केवारी दर लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना करावयाची तर त्याच आकड्याची करावी. मुदतीपूर्वी कर्ज फेडण्याचा विचार असेल तर बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर दंड लागत नाही; स्थिर दराच्या कर्जाची अट आधी वाचावी.

कर्ज शोरूममधूनही मिळते, आणि त्यावर विक्रेत्याला मोबदला मिळू शकतो. म्हणूनच बँकेचे मंजुरीपत्र आधी हाती घेऊन जाणाऱ्याशी बोलण्याची पद्धत निराळी होते. पैसा ठरलेला आहे, आता फक्त गाडीच्या किमतीचे बोला, असे त्याला म्हणता येते.

बदलीच्या नोकरीत असलेल्यांसाठी एक स्वतंत्र बाब आहे. सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिकेची नोंदणी उपलब्ध झाली. केंद्र व राज्य शासनाचे कर्मचारी, सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यासाठी ती आहे. तिच्यात आजीवन कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरावयाचा असतो, आणि राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही. तीन वर्षांनी नागपूरला किंवा पणजीला जाण्याची शक्यता असलेल्या बँक अधिकाऱ्याने एक लाख चाळीस हजारांचा आजीवन कर भरण्यापूर्वी हा हिशेब जरूर मांडावा. दर दोन वर्षांनी कर भरण्याची आठवण ठेवावी लागते, हा त्यातील त्रास. ही नोंदणी हवी असल्याचे दरपत्रक मागतानाच सांगावे; सरळ नोंदणीचा अर्ज गेल्यावर नव्हे.

वेळ आणि ताबा

कर्नाटकात आषाढ महिना खरेदीस अशुभ मानतात. शोरूम ओस पडतात, आणि ‘आषाढ सवलती’च्या पाट्या लागतात. महाराष्ट्रातही आखाडात आणि पितृपंधरवड्यात गाडी घेण्यास लोक कचरतात. ज्याच्या मनात तसा किंतु नाही त्याला हे दिवस सोन्यासारखे. किंतु असणाऱ्यानेही भाव आषाढात ठरवावा, लेखी घ्यावा, आणि ताबा श्रावणात घ्यावा. याउलट खंडेनवमीच्या आठवड्यात, आयुधपूजेसाठी गाड्यांची रांग लागलेली असताना, विक्रेत्याकडून सुटीची अपेक्षा धरणे व्यर्थ होय. डिसेंबरात सूट मोठी असते, तिचे कारण नोंदणीपुस्तकावर उत्पादनाचा महिना व वर्ष लिहिले जाते, आणि जानेवारी उजाडताच उरलेली गाडी एका वर्षाने जुनी ठरते. गाडी दहा वर्षे वापरणाऱ्याने ही सूट घ्यावी. तीन-चार वर्षांत विकणाऱ्यास ती विकतेवेळी परत करावी लागते.

नोंदणीपूर्वी गाडी प्रत्यक्ष पाहावी. चासी क्रमांक, उत्पादनाचा महिना, टायरांवरील तारीख, किलोमीटरचा आकडा हे सारे दिवसाच्या उजेडात पाहण्याच्या गोष्टी आहेत. जे. पी. नगरच्या गल्लीत पूजा करून, चारी चाकांखाली लिंबे ठेवून गाडी पुढे घेतली, आणि मग लक्षात आले की बीजकावरील चासी क्रमांकाचा शेवटचा अंक वेगळा आहे, तर ती दुरुस्ती विक्रेता, विमा कंपनी, बँक आणि जयनगरचे परिवहन कार्यालय अशी चार दारे फिरून करावी लागते. तीच तपासणी शोरूमच्या अंगणात, शेवटचा धनादेश हातात असताना केली, तर दहा मिनिटे लागतात.